स्लॅबला 28 दिवस द्या
(वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



नंदुरबार जिल्ह्यातल्या आपल्या मुलींच्या वसतिगृहाचं समर्पण नाताळाआधी होईल का, असं तुमच्यापैकी पुष्कळांनी विचारलं आहे. होणार नाही. का होणार नाही, हे सांगायलाच मी उभी आहे.

माझं शिक्षण ईश्वरविज्ञानाच्या पदविकेचं; मी इंजिनिअर नाही. पण सातपुड्याच्या पायथ्याशी पाड्यांवर काम करताना छताचे पोपडे पडलेल्या खोल्यांत मुलं झोपलेली मी पाहिली आहेत. इमारत म्हातारी नसते, तरी गज उघडे पडलेले असतात. म्हणून आमच्या इंजिनिअर बंधूंना प्रश्न विचारून विचारून जे शिकले, ते सांगते.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात स्लॅब पडेल. साधारण 15 घनमीटर माल, दर्जा एम-20. त्या दिवशी सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पाण्याची बादली. 50 किलोच्या एका गोणीला साधारण 25 लिटर पाणी पुरतं, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणी त्यातूनच वजा करायचं. पण माल घट्ट असला की पसरवायला जड जातो. मजूर दमलेले असतात, कोणीतरी हळूच आणखी पाच लिटर ओततं. माल सुरेख वाहतो, सगळे खूश. सिमेंटला घट्ट होण्यासाठी त्याच्या वजनाच्या पाव भागाच्या आसपासच पाणी खरं लागतं. उरलेलं उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. ताकद घटते ती घटतेच, पण त्या छिद्रांतून हवा आणि ओल गजापर्यंत पोचते. गज गंजला की फुगतो आणि आतूनच काँक्रीट फोडतो. ते पोपडे इथून येतात, दहा-पंधरा वर्षांनी. तेव्हा कंत्राटदार नसतो, मुली असतात.

वाळूवर घर बांधणाऱ्याचा दाखला आपण सगळे जाणतो. आपल्या घरात तर वाळू भिंतीत आणि छतातही असते! मातकट वाळू सिमेंटला खडी धरू देत नाही. काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी घालून हलवा, थोडा वेळ ठेवा. वर गाळाचा जाड थर बसला तर तो ट्रक परत. मागच्या महिन्यात एक परत पाठवला. पुरवठादार अजून बोलत नाही.

मिक्सरमधून निघालेल्या मालाचे 15 सेंटिमीटरचे ठोकळे भरतात, त्यांना क्यूब म्हणतात. एवढ्या स्लॅबला दोन नमुने, प्रत्येकाचे तीन क्यूब 28 व्या दिवशी प्रयोगशाळेत दाबून फोडायचे. एम-20 म्हणजे असा एक ठोकळा साधारण 45 टनांचा भार सोसतो. सातव्या दिवशी फोडायला वेगळे क्यूब भरू. तेव्हा साधारण दोन तृतीयांश ताकद दिसायला हवी. काही ठिकाणी क्यूबसाठी म्हणून वेगळा, घट्ट माल कालवतात. म्हणून घमेलं कुठलं उचलायचं ते मी आणि इंजिनिअर ठरवणार, मिस्त्री नाही.

आता पाणी मारणं. आपण पीपीसी सिमेंट वापरतो, त्याला ओल जास्त दिवस लागते. निदान 10 दिवस, कोरड्या-गरम हवेत 14. आपण 14 दिवस स्लॅबवर आळी करून पाणी साठवून ठेवणार आहोत. सेंटरिंगचं भाडं रोज चढतं, म्हणून सातव्या दिवशी टेकू काढायची घाई सगळीकडे असते. आपल्या बीमखालचे टेकू 21 दिवस राहतील. त्यानंतर गिलावा, फरशी, वायरिंग. सगळं धरून फेब्रुवारी येतो.

या सगळ्याला पैसा लागतो, आणि इथे मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे. दारं, पंखे, पलंग यांसाठी देणग्या येतात, कारण त्यांवर नाव घालता येतं. दोन माणसांची 14 दिवसांची मजुरी, टँकर, क्यूबची तपासणी यांसाठी आजवर एकानेही पावती फाडलेली नाही. म्हणून या वेळी आम्ही 'पाणी व तपासणी' असा वेगळा रकाना ठेवला आहे. आणि सातव्या दिवसाचे आकडे कमी आले तर पुढचं काम थांबेल, तेही आताच सांगून ठेवते. तेव्हा "एवढा उशीर का?" असं आमच्या बांधकाम समितीला विचारू नका, आकडे काय आले ते विचारा. अहवालाची प्रत मागा. तो तुमचा हक्क आहे.

शेवटी एक मागणी. पहिल्या दिवशी स्लॅब झाकायला गोणपाटं कमी आहेत. जुनी तागाची पोती घरी असतील तर रविवारी उपासनेला येताना आणा. प्लास्टिकची नकोत, ती पाणी धरत नाहीत. जीप सोमवारी सकाळी निघते.