सहा रस, सहा प्रश्न



धारवाडच्या महाविद्यालयांतून संख्याशास्त्राचा आरंभ करणारा विद्यार्थी पुष्कळदा एका साध्या प्रश्नाशी अडखळतो. 'चूक की बरोबर' धर्तीचे सहा प्रश्न केवळ अंदाजाने सोडविल्यास नेमकी तीन उत्तरे बरोबर येण्याची संभाव्यता किती? शून्य ते सहा असे सात गुण संभवतात, म्हणून तो एक-सप्तमांश लिहितो आणि गुण गमावतो.

गुण सात खरे, पण ते मिळण्याचे मार्ग सारखे नाहीत. हे मार्ग मोजण्याची सामान्य रीत कर्नाटकातील मान्यखेट ही ज्याची राजधानी, त्या राष्ट्रकूट नृप अमोघवर्षाच्या काळी, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त दिली. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (सुमारे इ. स. ११५०) सहा रसांचे उदाहरण येते : तीन-तीन रस मिसळल्यास व्यंजनांचे २० प्रकार. 'संभाव्यता' मात्र या ग्रंथांत शोधू नये; तेथे आहे ती गणना. रसांच्या जागी प्रश्न ठेवले की ६४ संभाव्य उत्तरपत्रिकांपैकी २० हाती लागतात, उत्तर ५/१६.

प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय दिले, तरी २० हा आकडा हलत नाही. बदलते ते एकेका मार्गाचे वजन : पावाचा घन गुणिले पाऊणचा घन. संभाव्यता ०.१३ च्या आसपास उतरते. घातांक बिनचूक मांडणारा विद्यार्थीही नेमका हा २० लिहावयास विसरतो.