आधी नांगर, मग इंजिन
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शिडाच्या होडीला इंजिन कशाला, असे मला अनेकजण विचारतात. शीड वाऱ्यावर चालते हे खरे. पण हिवाळ्यात आपल्या कोकण किनाऱ्यावर वाऱ्याच्याही पाळ्या ठरलेल्या असतात. पहाटे जमिनीवरून मतलई वारा, दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा. मधल्या वेळात, विशेषतः दिवेलागणीला, वारा पडतो. तेव्हा खाडीत शिरायचे तर इंजिन हवेच. आणि नेमके त्याच वेळी ते रुसते!

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही तिघे मित्र मुंबईहून गोव्याकडे निघालो होतो. दुसऱ्या दिवशी जयगडच्या खाडीत मुक्कामाचा बेत होता. दीपगृह दिसू लागले, वारा पडला, आम्ही शिडे उतरवून इंजिन सुरू केले. दहा मिनिटांत त्याचा आवाज घोगरा झाला. मागे वाकून पाहिले, तर धुराबरोबर बाहेर पडणारे पाणी बंद! पाठोपाठ तापमानाची घंटा वाजली. इंजिन थांबवावे लागले.

मी पाने घेऊन खाली उतरणार, तोच शेजारून जाणाऱ्या मच्छीमार होडीवरच्या वयस्कर तांडेलांनी हाक दिली, "काय झालं, दादा?"

"इंजिन तापलंय. बघतो काय ते."

"इंजिन मागनं बघा. आधी नांगर टाका. भरती तुम्हाला खडकावर नेतेय."

मान वर केली. काळे खडक खरोखरच मघापेक्षा जवळ आले होते. आणि आमचा नांगर? तो सामानाच्या पिशव्यांखाली! तो काढेपर्यंतची चार-पाच मिनिटे मी आजही विसरलेलो नाही. अखेर दहा मीटर पाण्यात नांगर पडला. पन्नास-साठ मीटर दोर सोडला. होडी स्थिर झाली, तसे आमचे चित्तही.

रस्त्यात गाडी बंद पडली की ती जागच्या जागी उभी राहते. समुद्रात बंद पडलेली होडी मात्र चालतच असते. कुठे, ते आपल्या हातात नसते. किनारा जवळ दिसला की आपल्याला धीर येतो. पण होडी फुटते ती किनाऱ्यावरच. म्हणून आधी नांगर टाकावा. थोडा वारा असेल तर शीड चढवून खोल पाण्याकडे निघावे. दुरुस्ती त्यानंतर.

आमचा बिघाड तसा किरकोळ होता. होडीचे इंजिन समुद्राच्याच पाण्याने थंड राहते. ते पाणी ओढणाऱ्या पंपात इम्पेलर नावाचे रबरी चक्र असते. पाण्याच्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी अडकली, पंप कोरडा फिरला आणि सहापैकी तीन पाती तुटली. इंजिन थांबताच पिशवी आपोआप सुटून वर आली. नवे चक्र आमच्याजवळ होते. पण तेवढ्याने भागत नाही. तुटलेले तुकडे मोजून बाहेर काढावे लागतात, नाहीतर तेच पुढे जाऊन पाणी अडवतात. दोन लगेच सापडले, तिसऱ्यासाठी नळी सोडवावी लागली. पाऊण तास गेला.

दुसरा नेहमीचा बिघाड डिझेलचा. लाटांनी होडी हेलकावते, टाकीच्या तळाचा गाळ ढवळला जातो आणि फिल्टर तुंबतो. फिल्टर बदलणे, नळीतली हवा काढणे ही कामे बंदरात असतानाच एकदा स्वतःच्या हातांनी करून पाहावीत. सुटे भाग नुसते बरोबर असून उपयोगाचे नाहीत.

आणि भाग नसेल तर? नौदलातून निवृत्त झालेले अभिलाष टॉमी २०२२-२३च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून दुसरे आले. वाऱ्यावर चालणारी त्यांची सुकाणू-यंत्रणा मोडली, तेव्हा त्यांनी शौचालयाच्या दाराची फळी वापरली! शांत डोक्यालाच असे उपाय सुचतात.

मदत मागण्यातही कमीपणा नाही. रेडिओवर १६ क्रमांकाचा चॅनेल आहे, तटरक्षक दलाचा १५५४ हा दूरध्वनी आहे.

आमचा नांगर धरल्याची खात्री होईपर्यंत ते तांडेल जवळच थांबले होते. त्या दिवसापासून माझ्या होडीचा नांगर नाळेवर, दोर बांधून तयार असतो. त्याच्यावर मी कुणाला साधी पिशवीही ठेवू देत नाही.