संगणकालाही प्रश्न विचारा

(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



संगणक म्हटला की तो विषय पुण्या-मुंबईचा, अशी आपली समजूत असते. वस्तुतः देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले ते आपल्या खान्देशात. २९ सप्टेंबर २०१० रोजी, शहादा तालुक्यातील टेंभली या आदिवासी गावात, तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत. १९९८ पर्यंत तो तालुका धुळे जिल्ह्यातच होता.

आधारची नोंदणी करताना दहा बोटांचे ठसे व दोन्ही बुबुळांच्या प्रतिमा घेतल्या जातात. एका माणसाला दोन क्रमांक मिळू नयेत म्हणून त्या आधीच्या नोंदींशी ताडून पाहतात. पुढे रेशन घेताना वा पैसे काढताना अंगठा लावला, की तो जुन्या ठशाशी जुळतो का, एवढेच यंत्र सांगते. ते माणूस ओळखत नाही. दगड फोडून, विटा वाहून बोटांच्या रेषा झिजतात. बँकेच्या खिडकीवर आम्ही हे पाहतो. झिजलेले बोट हा श्रमाचा पुरावा आहे, लबाडीचा नव्हे! केवळ ठसा जुळला नाही म्हणून खरा लाभार्थी वंचित राहू नये, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ च्या निकालात म्हटले आहे.

हा प्रश्न बोटांपुरता नाही. २०१८ मध्येच अमेरिकेत जॉय बुओलाम्विनी व टिम्निट गेब्रू या दोन कृष्णवर्णीय संशोधक महिलांनी, चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन कंपन्यांच्या संगणक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चुकीचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते. काळ्या वर्णाच्या स्त्रियांबाबत ते एका प्रणालीत शेकडा ३४.७ पर्यंत गेले. अशा कामासाठी वापरल्या जाणाऱ्या चित्रसंग्रहांत गोऱ्या चेहऱ्यांचाच भरणा होता, हेही त्यांनी दाखवून दिले. संगणक जुन्या माहितीवरून शिकतो. माहितीत ज्यांना जागा नाही, त्यांना त्याच्या निर्णयातही न्याय नाही. मात्र प्रश्न विचारला गेल्यावर त्याच कंपन्यांनी आपल्या प्रणाली सुधारल्या, हे लक्षात घ्या.

परंपरेने चालत आले किंवा ग्रंथात लिहिले आहे, एवढ्याने काही मानू नका, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. आज त्यात ‘संगणकाने सांगितले’ हेही धरावे लागेल. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या १९२३ च्या ग्रंथात सरकारी चलनधोरणाची आकडेवारीनिशी चिकित्सा केली. ती दृष्टी आपला वारसा आहे.

विद्यार्थी मित्रांनो, जळगावच्या आपल्या विद्यापीठात संगणकशास्त्र शिकता येते. ते नोकरीसाठी जरूर शिका. पण ही माहिती कोणाची, कोणी गोळा केली आणि तीत कोण राहून गेले, हे विचारण्यासाठीही शिका. आणि घरातील वडीलधाऱ्यांचा अंगठा यंत्राने नाकारला, तर त्यांच्या शेजारी उभे राहून त्यांचा हक्क मागा.

नमो बुद्धाय! जय भीम!