हेस्टिंग्जनंतरचं प्रायश्चित्त

फ्रान्समधल्या बायो या गावी सुमारे ७० मीटर लांबीचा भरतकामाचा एक पट जपून ठेवला आहे. इंग्लंडमधल्या १०६६ सालच्या हेस्टिंग्जच्या लढाईची कथा त्यावर लोकरीच्या धाग्यांनी भरली आहे. ऐन धुमश्चक्रीत घोड्यावरचा एक माणूस सोटा उगारून तरुण सैनिकांना धीर देताना दिसतो. हा बायोचा बिशप ओडो, लढाई जिंकणाऱ्या नॉर्मंडीच्या विल्यमचा सावत्र भाऊ.

धर्मगुरूनं शस्त्र हाती धरू नये, हा चर्चचा नियम तेव्हाही काही शतकांचा जुना होता. पण बिशपांकडे मोठाल्या जमिनी असत आणि त्यांपोटी राजाला घोडेस्वार पुरवावे लागत. ओडोला तर लढाईनंतर केंटची जहागिरीच मिळाली.

मला मात्र या पटापेक्षा त्या लढाईनंतर नॉर्मंडीच्या बिशपांनी काढलेलं एक आज्ञापत्र अधिक मोलाचं वाटतं. पोपचे प्रतिनिधी एर्मनफ्रीड यांनी त्याला मान्यता दिली होती. त्यात जिंकून आलेल्या आपल्याच सैन्याला प्रायश्चित्त सांगितलं आहे! मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष. घाव घातला, पण समोरचा मेला की जगला हे ठाऊक नाही, तर माणशी ४० दिवस. किती मारले याचा हिशेबच नसेल, तर जन्मभर आठवड्यातला एक दिवस, नाहीतर चर्च बांधून द्यायचं. कुणावर वार केला नाही, पण करायची इच्छा होती, त्यालाही तीन दिवस. आणि लढलेल्या धर्मगुरूंना कसलीही सवलत नाही: हे पाप आपल्याच देशात केलं असं समजून त्यांनी प्रायश्चित्त घ्यावं. शत्रूच्या एकेका मृत्यूची अशी नोंद धरणाऱ्या त्या बिशपांबद्दल मला फार आदर वाटतो.

हा विचार टिकला नाही, याचं दुःख आहे. १०९५ साली क्लेरमाँच्या धर्मपरिषदेत पोप दुसरे अर्बन यांनी जेरुसलेमवरच्या लष्करी मोहिमेची हाक दिली. केवळ भक्तीपोटी जो जाईल, त्याला तो प्रवासच सगळ्या प्रायश्चित्ताच्या जागी धरला जाईल, असं परिषदेनं ठरवलं. सुमारे तीस वर्षांपूर्वी ज्या कृत्याबद्दल प्रायश्चित्त घ्यायचं, तेच आता प्रायश्चित्ताची जागा घेऊ लागलं. वृद्ध ओडोही त्या मोहिमेवर निघाला आणि १०९७ च्या आरंभी, वाटेत सिसिलीतल्या पालेर्मो इथं वारला.