रुमालांची गोधडी

बालाघाट जिल्ह्यातलं हट्टा आणि शेजारचा गोंदिया, दोन्हीकडे थंडीत गोधडी हवीच. जुन्या लुगड्या-धोतरांची गोधडी आपल्या ओळखीची. पण सुती हातरुमाल त्यासाठी अधिक सोयीचे ठरतात. ते मुळातच चौकोनी, सारख्या मापाचे. वारंवार धुतल्यामुळे आटायचं ते आटलेलं, मऊ झालेलं. 40 सेंटिमीटरच्या रुमालाचे काठ आणि शिवण वजा केली, तरी 36 उरतात. म्हणजे चार रुमालांच्या सहा ओळी, एकूण 24 रुमाल जोडले की 144 बाय 216 सेंटिमीटरची एकेरी गोधडी होते.

कुणी म्हणेल, एवढं पातळ कापड ऊब काय देणार? पण ऊब जाडीपेक्षा थरांमध्ये अडकलेली हवा देते. म्हणून आत जुन्या धोतराचे थर घालावेत. जुनं कापड फाटेल, ही शंकाही रास्त आहे. विरलेले रुमाल आत, धड असलेले वर ठेवावेत. जवळजवळ घातलेला धावदोरा ताण सगळीकडे वाटून देतो. रंग जाणारे रुमाल मात्र आधी वेगळे धुऊन पाहावेत. गोधडी टिकते ती नव्या कापडामुळे नव्हे, टाक्यांमुळे.