शाकारणी कोणाची?

अक्षय्य तृतीया उलटली की पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर घरे शाकारायची घाई सुरू होते. मृगापूर्वी पेंढा चढला पाहिजे, कौले चाळून झाली पाहिजेत, कारवीच्या कुडाला शेणमातीचा नवा हात बसला पाहिजे. घर कोणाचे, हे कागदापेक्षा छपरावरून लवकर कळते. शाकारायला वर कोण चढले ते पाहावे. इंग्लंडमधल्या मध्ययुगीन गावचर्चकडे याच नजरेने पाहिले, तर परमुलखातली ती इमारत बरीच ओळखीची वाटू लागते.

एसेक्समधल्या ग्रीनस्टेडचे चर्च तर जव्हारकराला फारसे परके वाटू नये. लोक बसतात त्या भागाच्या भिंती दगडाच्या नाहीतच. ओकचे बुंधे उभे चिरून एकाला एक लावून उभे केले आहेत, तेही अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात. कारवीच्या जागी ओक, एवढाच फरक. (कुड काही वर्षांत बदलावा लागतो आणि हा ओक नऊशेहून अधिक पावसाळे खाऊन उभा आहे, हा दुसरा फरक.) पण त्याच चर्चचे पूर्वेकडचे टोक विटांचे आहे, सुमारे १५०० सालचे. एकाच इमारतीत दोन हात दिसतात.

हे दोन हात सगळ्याच गावचर्चमध्ये असत. पूर्वेला वेदीचा भाग, त्याला चॅन्सल म्हणतात. पश्चिमेला लोकांचा लांबलचक भाग, तो नेव्ह. आपल्याकडचा गाभारा आणि सभामंडप आठवावा. तेराव्या शतकापर्यंत इंग्लंडात रिवाज पक्का झाला होता: चॅन्सलची डागडुजी रेक्टरने करायची, नेव्हची गावाने. रेक्टर, म्हणजे तिथला मुख्य धर्मगुरू, गावच्या पिकाचा दहावा हिस्सा घेत असे, तेव्हा वेदीवरचे छप्पर त्याच्या गळ्यात. पुष्कळ ठिकाणी नेव्ह उंच, रुंद, मोठाल्या खिडक्यांचे आणि त्याच्या पाठीशी अंग चोरून उभे असलेले ठेंगणे, जुनाट चॅन्सल दिसते. तिथे रेक्टरचा हात आखडता होता, असा संशय घ्यायला जागा असते.

गाव पैसा कुठून आणत असे? चर्चचे कारभारी सणाच्या सुमारास एल नावाची बिअर गाळत, सगळे गाव ती विकत घेऊन पीत असे आणि गल्ला छपराला लागे. देवाच्या छपरासाठी दारू विकण्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. प्युरिटन या कडव्या सुधारणावादी पंथाच्या मंडळींना मात्र पुढे ते फार खुपले. कुठे धनिकच पुढे येत: सफोकमधल्या लॅव्हनहॅमला लोकरीच्या कापडावर गबर झालेल्या स्प्रिंग घराण्याने १४१ फुटी मनोऱ्याला पैसा दिला आणि माथ्यावर आपले कुलचिन्ह पुन्हा पुन्हा कोरून घेतले. देणगीदाराच्या नावाची फरशी ही काही फक्त आपल्या देवळांची मिरास नव्हे.

या वाटणीचा खरा डंख पुढे बसला. राजा आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ मोडले. जिथे रेक्टरचा दहावा हिस्सा मठांकडे गेला होता, तिथले ते हक्क विकत गेले आणि त्यांच्या पदराला बांधलेली चॅन्सलची डागडुजीही नव्या मालकांकडे गेली. वॉरिकशरमधल्या अ‍ॅस्टन कॅन्टलो गावी या हिश्शाच्या बदल्यात १७४३ मध्ये एक शेत तोडून दिले होते. अडीचशे वर्षांनी ते ज्या दांपत्याकडे होते, त्यांच्याकडे चॅन्सलच्या दुरुस्तीचे सुमारे ९५ हजार पौंड मागण्यात आले. भांडण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत पोचले आणि २००३ मध्ये दांपत्य हरले. सातबाऱ्यावरचा बोजा ज्यांनी सोसला आहे, त्यांना यापुढे काही समजावण्याची गरज नाही.

हा नमुना मुंबईतही उतरला. पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेल्या कुलाब्याच्या अफगाण चर्चचा अभिषेक १८५८ मध्ये झाला. १९८ फुटी शिखर १८६५ ला पुरे झाले. आराखडा हेन्री कॉनिबेअरचा, म्हणजे विहार तलावाच्या योजनेचा तोच अभियंता. केंब्रिजमध्ये १८३९ ला स्थापन झालेल्या एका संस्थेचा त्या काळी आग्रह होता की चर्च मध्ययुगीन गावचर्चसारखेच हवे, चॅन्सल वेगळे आणि खोल. कुलाब्यात तो पाळला गेला. टोकदार कमानीही आल्या. अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीवर ठरते, टोकदार कमान मात्र हवी तेवढी उंच चढवता येते. आकृतिबंध असा सगळा आला, गाव तेवढे आले नाही. समोर बसायच्या त्या पलटणी, आज इथे तर उद्या दुसऱ्या छावणीत. एल गाळून छपराला पैसा लावणारे कोणी नव्हते.

पालघर जिल्ह्यातली चर्च पोर्तुगीज घडणीची, इंग्रजी नव्हेत. छपराचा प्रश्न मात्र तोच. रमेदी, पापडी, नंदाखाल या वसईच्या गावांतून आजही मराठीत मिस्सा होते आणि भाविक आपापली चर्च राखून आहेत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज निघून गेले आणि किल्ल्यातल्या चर्चना वाली उरला नाही. तिथल्या सेंट जोसेफच्या मनोऱ्यावर चढून गेले, की खालचे नेव्ह आणि पुढचे चॅन्सल एका नजरेत मोजता येतात, मध्ये छप्परच नाही.