पातळ रक्ताचा हिशेब



मेंदूची परिषद दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याशी कशाला, असं काहींनी विचारलं. इथल्याच देवगिरीच्या यादवांचा हेमाद्री, म्हणजे देवळांमुळे ठाऊक असलेला हेमाडपंत, याने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर टीका लिहिली आहे. तेव्हा वैद्यक या गावाला परकं नाही.

2019 साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात मनू गोयल आणि सहकाऱ्यांनी 20 ते 82 वयाच्या 205 जणांचे पेट स्कॅन तपासले. मेंदू साखर आणि ऑक्सिजन कसा वापरतो त्यावरून त्याचं वय काढलं. पुरुषांच्या मोजपट्टीवर बायकांचे मेंदू सरासरी 3.8 वर्षांनी तरुण निघाले, तेही अगदी विशीपासून. आमच्या घरी हे सांगितलं तर उत्तर आलं, “एवढ्यासाठी मशीन कशाला लागतं?”

पण आपल्याकडे चित्र उलटं दिसतं. वाढत्या वयाच्या ‘लासी’ पाहणीला जोडून झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठीपुढच्या बायकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण 9 टक्क्यांच्या घरात, तर पुरुषांत 6 च्या आत आहे. मेंदू तरुण, तर विसरभोळेपणा बायकांच्याच वाट्याला जास्त का? शिक्षण हे एक कारण आहेच. मला खटकतं ते रक्त.

बायकांच्या मेंदूत रक्त जास्त खेळतं, हे आपण सारे शिकलो. पण हिमोग्लोबिन कमी असलं की तेवढाच ऑक्सिजन पोचवायला रक्त जास्त वाहावं लागतं. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. मग रक्तप्रवाहाच्या स्कॅनवरचा लालभडक पट्टा तब्येतीची खूण मानायचा, की नुसती भरपाई? इथली बाई उभा जन्म पातळ रक्तावर कापूस वेचते. सत्तरीत भाजीत दोनदा मीठ पडू लागलं की घरचे म्हणतात, “वय झालं, चालायचंच.” म्हातारा रस्ता चुकला, तर त्याच घरातून त्याला डॉक्टरकडे नेतात.

म्हणून या परिषदेत कुणी रक्तप्रवाहाचा तक्ता दाखवला, तर शेजारी हिमोग्लोबिनचा रकाना आहे का, हे गावोगावहून आलेल्या आशाताईंनी बेधडक विचारावं. आणि निवासी डॉक्टरांनो, प्रबंधाला विषय शोधत असाल तर हा घ्या. स्कॅन शहरात करा. गावातल्या आज्या आम्ही आणू. गाडीभाडं स्वागत समितीकडे लागलं.